जागा 71 की 148? पुणे कराराचा हिशेब, चाळीसगाव ते येरवडा

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय वजनदार आहे, पण सुरुवात घरच्या गोष्टीपासून करू.

आपल्या जळगाव जिल्ह्यात भुसावळचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे नेमकं काय? उमेदवार अनुसूचित जातीचाच हवा, पण मत मात्र सगळ्यांनी द्यायचं. लेवा पाटील, मराठा, कोळी, मुस्लिम, रेल्वेच्या नोकरीसाठी बाहेरून येऊन इथंच स्थायिक झालेले, सगळे एकाच रांगेत. चोपडा, साक्री, शिरपूर आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. तिथंही नियम हाच. उभं कोण राहू शकतं हे ठरलेलं, पण निवडून कोण येणार हे सगळ्यांच्या हातात.

आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की यात काही वेगळं आहे असं वाटतच नाही. पण ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. 1932 च्या सप्टेंबर महिन्यात, पाच-सहा दिवसांच्या घासाघिशीतून, तुरुंगात उपोषणाला बसलेल्या एका माणसाच्या खाटेभोवती तिचा पाया घातला गेला. तो पुणे करार. शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळी मिळतात: गांधीजींनी उपोषण केलं, आंबेडकरांनी सही केली, राखीव जागा मिळाल्या, देश एक राहिला. पुढचा धडा.

आज या चार ओळी जरा उकलून बघायच्या आहेत. एकच प्रश्न डोक्यात ठेवा. देश एकत्र ठेवण्यासाठी समेट होतो, तेव्हा जागा किती मिळाल्या हे सगळे मोजतात. पण निवडीची किल्ली कोणाच्या खिशात राहिली?

चाळीसगावचा टांगा

करारापर्यंत जायच्या आधी चाळीसगाव स्टेशनवर उतरूया. वर्ष 1929.

मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला एक समिती नेमली होती आणि बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. त्यांच्याकडे खानदेशचे दोन्ही जिल्हे आले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. म्हणजे ढोबळमानानं आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार. चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रेल्वे लाईनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून बाबासाहेब चाळीसगावला परतले. स्टेशनवर महारवाड्यातली माणसं वाट बघत होती. आजची रात्र आमच्याकडे राहा, असा त्यांचा आग्रह. बाबासाहेब थांबले.

आता स्टेशनवरून वस्तीपर्यंत जायला टांगा हवा. पण टांगेवाले तयार होईनात. महाराला टांग्यात बसवून हाकायचं म्हणजे कमीपणा. शेवटी तोडगा निघाला: टांगा भाड्यानं मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही बघा. वस्तीतला एक जण पुढं झाला. त्यानं आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीपाशी चाक अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि गाडी खाली नदीत. त्यांचा पाय मोडला आणि कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळून होते.

हा प्रसंग त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलाय. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य, आणि तरी टांगेवाल्याच्या नजरेत तो आपल्यापेक्षा खालचाच.

आपल्या विषयासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. टांगेवाल्यांनी चक्क नाही म्हटलं नाही. त्यांनी समेट केला! टांगा देतो, हाकणार नाही. दिसायला मधला मार्ग, दोन्ही बाजूंचं समाधान. पण पाय कोणाचा मोडला? समेटातला धोका एकाच बाजूच्या वाट्याला आला होता.

आधी थोडं अमेरिकेकडे

आता थेट अमेरिकेत का जायचं? कारण ही तुलना आपल्याकडे फार जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, ते गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला शिकले. पुढं 1946 मध्ये त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली. गुलामगिरी आणि अस्पृश्यता एकच आहेत असं नाही, फरक मोठे आहेत. पण दोन्हीकडे प्रश्न सारखा आला: देश एकत्र ठेवायचा तर या माणसांचं काय करायचं?

1787, फिलाडेल्फिया. 55 प्रतिनिधी अमेरिकेची राज्यघटना लिहायला बसलेत. कोणत्या राज्याला संसदेत किती जागा, हे लोकसंख्येवर ठरणार. मग गुलाम मोजायचे का?

इथं जरा गंमत आहे, नीट ऐका. गुलामांना पूर्ण मोजा असं म्हणणारे होते दक्षिणेतले मालक. अजिबात मोजू नका असं म्हणणारे होते उत्तरेतले लोक. उलटं वाटतं ना? पण हिशेब सरळ आहे. गुलामाला मत नव्हतंच. त्याचं डोकं मोजलं तर जागा वाढणार मालकाच्या राज्याच्या. शेवटी समेट झाला: पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. दक्षिणेची ताकद वाढली आणि ती वापरली गेली गुलामगिरी टिकवायलाच. गुलामांच्या व्यापारावर 1808 पर्यंत बंदी घालायची नाही, पळून गेलेला गुलाम परत द्यायचा, हेही ठरलं. आणि एवढं सगळं लिहून त्या घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठंही नाही. शब्द टाळला, माणूस विकला.

पुढं हा सिलसिला चालू राहिला. 1820 मध्ये मिसुरी गुलामगिरीचं राज्य म्हणून घेतलं, तर तोल सांभाळायला मेन हे मुक्त राज्य घेतलं आणि नकाशावर एक रेघ मारली. 1850 मध्ये कॅलिफोर्निया मुक्त, पण त्याच्या बदल्यात पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कायदा आणखी कडक. दर वेळी पुढारी म्हणायचे, देश वाचला. 1790 मध्ये गुलामांची संख्या सुमारे 7 लाख होती. 1860 मध्ये जवळपास 40 लाख. सावकाराचं व्याज जसं दरवर्षी मुद्दलात चढतं, तसं झालं. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली, तेव्हा कुठं गुलामगिरी कायद्यानं संपली.

आणि तरी 1877 मध्ये पुन्हा एक समेट झाला. राष्ट्राध्यक्षपदाचा वाद मिटवताना दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य मागं घेतलं गेलं. उत्तर आणि दक्षिण पुन्हा भाऊ-भाऊ झाले. किंमत मोजली कृष्णवर्णीयांनी. त्यांचं मत कागदावर राहिलं आणि गावात हिसकावलं गेलं.

या सगळ्या बैठकांमध्ये एक गोष्ट कायम होती. ज्यांच्याबद्दल समेट होत होता, त्यांच्यातला कुणीही त्या टेबलावर नव्हता.

आता पुण्याला परत या. कारण इथं नेमकं हेच वेगळं घडलं.

71 जागा आणि दोन मतं

1930 आणि 1931 मध्ये लंडनला गोलमेज परिषदा झाल्या. भारताच्या पुढच्या राज्यकारभाराची रचना ठरवायची होती. बाबासाहेब तिथं अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले. दुसऱ्या परिषदेला काँग्रेसचे एकमेव प्रतिनिधी म्हणून गांधीजीही होते. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. मुसलमानांना तशी सोय 1909 पासून होती. गांधीजींचं म्हणणं होतं, इतरांना द्या, पण अस्पृश्यांना देऊ नका, मी प्राण पणाला लावून विरोध करीन.

एकमत झालं नाही. मग 16 ऑगस्ट 1932 ला ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी आपला निर्णय दिला, तो जातीय निवाडा. त्यात अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत 71 जागा मिळाल्या. या जागांवर उमेदवारही अस्पृश्य आणि मतदारही फक्त अस्पृश्य. शिवाय एक दुसरं मत! सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांनी मत द्यायचं. ही सोय जास्तीत जास्त 20 वर्षांसाठी.

दुसऱ्या मताची ताकद लक्षात घ्या. पहिल्या मतानं आपला माणूस आपण निवडायचा. दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही तुमच्या वस्तीत यावं लागणार, कारण अटीतटीच्या लढतीत तुमची मतं त्याला पाडू शकतात.

यावर गांधीजींचा आक्षेप काय होता? तो हलक्यात घेऊ नका. ते म्हणत होते की हिंदू समाजाचे कायद्यानं दोन तुकडे होतील. गावातला सवर्ण म्हणेल, त्यांचे मतदार वेगळे, त्यांचा आमदार वेगळा, आता आमचा काय संबंध? अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप आहे आणि ते त्यांनीच धुवायला हवं, वेगळे मतदारसंघ केले तर ती सुटका ठरेल. सगळे अस्पृश्य नेते स्वतंत्र मतदारसंघांच्या बाजूनं होते असंही नाही. मद्रासचे एम. सी. राजा यांनी त्याच वर्षी हिंदू महासभेच्या डॉ. मुंजे यांच्याशी संयुक्त मतदारसंघाचा करार केला होता.

बाबासाहेबांचं उत्तर साधं होतं. एकत्र मतदारसंघात आम्ही प्रत्येक गावात अल्पसंख्य. आमचा प्रतिनिधी तुमच्या मतांवर निवडून आला, तर तो बोलणार कोणासाठी?

सप्टेंबरचे ते दिवस

20 सप्टेंबर 1932, दुपार. गांधीजींनी येरवडा तुरुंगात आमरण उपोषण सुरू केलं. वय 62.

उपोषण जाहीर झालं होतं सरकारच्या निर्णयाविरुद्ध. पण निवाड्यातच एक तरतूद होती: संबंधित समाजांनी आपसात वेगळी तडजोड केली तर सरकार ती मान्य करील. म्हणजे निर्णय बदलायचा तर एका माणसाची सही लागणार होती, बाबासाहेबांची. लंडनवर रोखलेल्या उपोषणाचं सगळं ओझं 41 वर्षांच्या एका माणसाच्या खांद्यावर आलं.

मुंबईत पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली बैठका सुरू झाल्या. सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद, बिर्ला, ठक्करबाप्पा, सगळे मोठे लोक. अस्पृश्यांच्या बाजूनं बाबासाहेब, डॉ. सोळंकी, एम. सी. राजा. आणि क्रिकेटवाल्यांनो, पी. बाळू सुद्धा! पालवणकर बाळू, डावखुरा फिरकी गोलंदाज, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून जास्त बळी घेणारा. तो राजांच्या बाजूचा, संयुक्त मतदारसंघवाला.

22 तारखेला बाबासाहेब येरवड्यात गेले. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली खाट टाकलेली, तिच्यावर गांधीजी. प्रकृती भराभर खालावत होती. देशभर मंदिरांची दारं आणि विहिरी अस्पृश्यांना खुल्या होत असल्याच्या बातम्या येत होत्या. इकडे नाशिकला मात्र काळाराम मंदिरासाठीचा सत्याग्रह मार्च 1930 पासून चालला होता आणि ते दार काही उघडत नव्हतं.

आता बाबासाहेबांच्या जागी उभं राहून बघा. गांधीजी गेले तर? दिल्ली-मुंबईतल्या नेत्यांना दुःख होईल. पण राग निघेल कोणावर? चाळीसगाव लाईनवरच्या त्या गावातल्या वस्तीवर, जिथं आधीच बहिष्कार आहे. प्रत्येक गावाच्या कडेला चार-दहा घरं, विहीर दुसऱ्याची, मजुरी दुसऱ्याच्या शेतात. अमेरिकेतल्या टेबलावर गुलामांचा प्रतिनिधी नव्हता. पुण्यातल्या टेबलावर अस्पृश्यांचा प्रतिनिधी होता, शिकलेला, हुशार, कायद्यात पक्का. पण त्याच्यामागं लाखो माणसं गावोगाव ओलीस असल्यासारखी होती. टेबलावर खुर्ची मिळाली म्हणजे मोकळेपणानं 'नाही' म्हणता येतं असं नाही.

तरीही त्यांनी रिकाम्या हातानं सही केली नाही. शेवटपर्यंत घासाघीस केली. 24 सप्टेंबरला संध्याकाळी करार झाला. अस्पृश्यांच्या वतीनं आंबेडकर आणि सवर्ण हिंदूंच्या वतीनं मालवीय यांनी सह्या केल्या. गांधीजींची सही त्यावर नाही. 26 तारखेला ब्रिटिश सरकारची मान्यता आली आणि त्यांनी उपोषण सोडलं. रवींद्रनाथ टागोर तेव्हा तिथं हजर होते.

करारात काय होतं

स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि दुसरं मतही गेलं. त्याबदल्यात 71 च्या जागी 148 राखीव जागा आल्या: मद्रास 30, बंगाल 30, मध्य प्रांत 20, संयुक्त प्रांत 20, बिहार आणि ओरिसा मिळून 18, सिंधसह मुंबई 15, पंजाब 8, आसाम 7. केंद्रीय विधिमंडळात सर्वसाधारण जागांपैकी 18 टक्के राखीव. शिवाय शिक्षणासाठी प्रत्येक प्रांतात वेगळी रक्कम आणि सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्वाचं आश्वासन.

दुपटीहून जास्त जागा! मग हरले कुठं, असं वाटेल. थांबा, मधली पायरी बघू.

मतदान दोन टप्प्यांत होणार होतं. पहिल्या टप्प्यात फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांची यादी निवडायची, प्रत्येकाला एकच मत. दुसऱ्या टप्प्यात त्या चारपैकी एकाला सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचं.

उदाहरण घेऊ. समजा एका मतदारसंघात 1,000 मतदार आहेत, त्यातले 120 अस्पृश्य. पहिल्या टप्प्यात 'अ'ला 80 मतं पडली, 'ब'ला 25, 'क'ला 10 आणि 'ड'ला फक्त 5. म्हणजे समाजाचा खरा माणूस 'अ'. पण यादीत चौघेही गेले. दुसऱ्या टप्प्यात उरलेले 880 मतदार ठरवतात की 'अ' फार बोलतो, 'ड' बरा आहे, ऐकून घेतो. 'ड' आरामात निवडून येतो. जागा राखीव आहे, माणूसही त्याच समाजाचा आहे. फक्त त्याच्या समाजातल्या 120 पैकी 115 जणांनी त्याला निवडलेलं नव्हतं.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेणं वेगळं आणि ॲडमिन करणं वेगळं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही. 71 जागांमध्ये ॲडमिन तुम्ही होता. 148 मध्ये मेंबर जास्त, ॲडमिन दुसरा.

अमेरिकेतला तीन-पंचमांशाचा हिशेब इथं आठवा. तिथं मोजणी एकाची आणि ताकद दुसऱ्याची. आपल्याकडचा करार त्यापेक्षा कितीतरी बरा होता, कारण इथं माणसाला मत होतं, उमेदवारी होती, विधानसभेत बसायचा हक्क होता. पण गोम त्याच जागी होती. आकडा वाढला आणि किल्ली सरकली.

मग पुढं काय झालं

पहिली परीक्षा फेब्रुवारी 1937 च्या निवडणुकीत झाली. सगळ्यांना मतदानाचा हक्क नव्हता, जमीन, कर, शिक्षण यांच्या अटी होत्या. बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. मुंबई प्रांतातल्या 15 राखीव जागांपैकी 11 त्यांच्या पक्षानं जिंकल्या. आपल्या पूर्व खानदेशातून दौलत गुलाजी जाधव याच पक्षाचे आमदार झाले. मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसनं उभं केलं होतं बाळूला, आणि तो पडला. चळवळ जोरात असेल तर संयुक्त मतदारसंघातूनही खरा माणूस येऊ शकतो, हे यातून दिसलं. कराराच्या बाजूनं ही मोठी साक्ष आहे आणि ती लपवायचं कारण नाही.

त्याच वर्षी 31 जुलैला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या जंगलातल्या लांडोर बंगल्यात राहिले. आजही दरवर्षी 31 जुलैला तिथं लोक जमतात. धुळेकरांना हे सांगायला नको.

दुसरी परीक्षा 1946 ची. तेव्हा बाबासाहेबांचा पक्ष होता शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. सगळ्या देशात मिळून प्रांतिक विधानसभांच्या फक्त 2 जागा हाती लागल्या. पहिल्या टप्प्यात अस्पृश्य मतदारांनी वर आणलेले फेडरेशनचे उमेदवार दुसऱ्या टप्प्यात पाडले गेले, हे बाबासाहेबांनी आकड्यांनिशी मांडलं. त्या जुलैमध्ये पुणे कराराच्या विरोधात पुण्यातच सत्याग्रह झाला. घटना समितीत जायला बाबासाहेबांना मुंबईतून वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीनं ते बंगालमधून गेले. फाळणीत ती जागा गेली, तेव्हा काँग्रेसनंच त्यांना मुंबईतून निवडून आणलं. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही बघा.

आणि तिसरी परीक्षा 1952. प्रौढ मताधिकाराची पहिली लोकसभा निवडणूक. ज्यांच्या हातून राज्यघटनेचा मसुदा तयार झाला, तेच उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. लोकसभेत ते कधीच निवडून गेले नाहीत.

दरम्यान चार जणांची यादी आणि पहिला टप्पा दोन्ही गेले. ती सोय मुळातच दहा वर्षांसाठी होती आणि नव्या राज्यघटनेत आली नाही. राखीव जागा आणि संयुक्त मतदार एवढंच उरलं, तेच आजचं भुसावळ.

उपोषणाचं ओझं कोणावर

इथं आपल्या अमळनेरची एक गोष्ट जोडावीशी वाटते. साने गुरुजी तिथं प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. 1932 मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत होते. फेब्रुवारी ते जून असा तो काळ, येरवड्यातल्या उपोषणाच्या तीनच महिने आधी.

गुरुजींनीही पुढं उपोषण केलं, मे 1947 मध्ये. मागणी एकच, पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं करा. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या. 1 मेला उपोषण सुरू केलं, 10 मेला संपलं, दार उघडलं.

दोन्ही उपोषणं अस्पृश्यतेबद्दल, दोन्ही मनापासून. पण गुरुजींच्या उपोषणात दबाव होता बडव्यांवर आणि सवर्णांवर, म्हणजे ज्यांच्या हातात कुलूप होतं त्यांच्यावर. येरवड्यात दबाव सगळ्यांवर असला तरी शेवटी हक्क सोडायला लागला त्यांनाच, ज्यांना तो नुकताच मिळाला होता. कुठल्याही समेटात हे तपासून बघा. 'एकीसाठी थोडं सोडा' असं कोणाला सांगितलं जातंय? ज्याच्याकडे जास्त आहे त्याला, की ज्याला पहिल्यांदाच काही मिळतंय त्याला?

मग करार चुकीचा होता का?

मला विचाराल तर हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं म्हणजे त्या माणसांवर अन्याय आहे. बाबासाहेबांनी सही केली नसती आणि गांधीजी गेले असते, तर गावागावांत काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. शिवाय या करारामुळे राखीव जागा हे तत्त्व देशानं कायमचं मान्य केलं. लोकसभेतल्या आजच्या 84 अनुसूचित जातींच्या आणि 47 अनुसूचित जमातींच्या जागांचं मूळ तिथंच सापडतं. अमेरिकेतल्या समेटांनी गुलामगिरीला आयुष्य दिलं. पुणे करारानं अस्पृश्यतेला आयुष्य दिलं असं म्हणता येणार नाही.

पण 'देश वाचला' म्हणून टाळ्या वाजवून मोकळं होणंही बरोबर नाही. ज्या माणसानं सही केली, त्यानंच 1945 मध्ये अख्खं पुस्तक लिहून आपली फसवणूक झाल्याचं मांडलं आणि 1947 मध्ये घटना समितीसाठीच्या आपल्या निवेदनात पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले. समेटाला पंधरा वर्षं झाल्यावर एक बाजू अजूनही म्हणत असेल की हा आमच्यावर लादला, तर तो समेट पूर्ण झालेला नाही. त्याचा हप्ता बाकी आहे.

तो हप्ता फेडायचं काम संयुक्त मतदारसंघातल्या सगळ्या मतदारांचं आहे. गांधीजींनी शब्द दिला होता की सवर्ण बदलतील. बाबासाहेबांना शंका होती. दर पाच वर्षांनी भुसावळमधल्या मतदान केंद्रावर या दोघांतलं कोण बरोबर, याचा थोडा थोडा निकाल लागत असतो. राखीव जागेवर मत देताना आपण 'अ' शोधतो, की गप्प बसणारा, सोयीचा 'ड' शोधतो? सरपंचपद राखीव निघालं की गावात पहिली चर्चा कोणती होते? कोण चांगलं काम करील ही, की कोण आपलं ऐकेल ही?

विधानसभा-लोकसभेतल्या या राखीव जागांची मुदत राज्यघटनेत मुळात दहा वर्षांची होती. ती दर दहा वर्षांनी वाढत आली आणि सध्या जानेवारी 2030 पर्यंत आहे. तेव्हा संसदेत पुन्हा चर्चा होईल. तुमच्या मोबाईलवर मीम येतील, ओरडाआरडा होईल, एक बाजू म्हणेल आता बास, दुसरी म्हणेल अजून हवं. त्या गर्दीत आकड्यांवर सगळे भांडतील. तुम्ही तेवढी किल्ली कुठं आहे ते बघा.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावात राखीव जागेवर चांगलं काम केलेला सरपंच किंवा नगरसेवक असेल, तर त्याच्याबद्दल आवाजी मेसेज पाठवा. निवडून कसा आला आणि कोणाच्या मतांवर आला, हे नक्की सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवू. भेटू मग, राम राम.